निळ्या ताऱ्याची वाकळ

शेजारच्या अमेरिकन बाईकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या सोफ्यावर तिच्या देशाचा झेंडा अंथरलेला होता आणि त्यावर एक लठ्ठ मांजर झोपलं होतं. मी दारातच थबकले. नीट पाहिलं तर तो झेंडा नव्हता, हाताने शिवलेलं पांघरूण होतं. लाल-पांढऱ्या पट्ट्या, कोपऱ्यात निळा चौकोन, त्यावर एकेक करून लावलेले पांढरे तारे. पण माझ्या डोळ्यांना तो झेंडाच दिसत राहिला. पंधरा ऑगस्टनंतर रस्त्यात कागदी झेंडा पडलेला दिसला की उचलायचा, झटकायचा आणि कपाळाला लावायचा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. झेंड्याचं अंथरूण-पांघरूण करायचं नाही हे आपल्याकडे नियमातच लिहिलेलं आहे. आणि इथे मांजर घोरत होतं.

"तुमच्याकडे हे चालतं?" मी विचारलं. मनात आलेलं तोंडातून बाहेर पडायला मला फारसा वेळ लागत नाही.

"मांजर?" ती म्हणाली. "त्याला कोण विचारतंय? तेच आम्हाला चालवून घेतं."

आमची ओळख अशी झाली. वयाने ती माझ्याहून बरीच मोठी, पण इंग्रजीत बोलता बोलता माझ्यासाठी ती 'ती'च झाली. सौदीतल्या दम्मामच्या बाहेरच्या अंगाला आमचं कंपाउंड आहे. उंच भिंत, फाटकावर गाड्यांखाली आरसा फिरवणारा पहारेकरी, आत एकसारखी साय-रंगाची घरं. तिचा नवरा तेलाच्या कामावरचा इंजिनियर, माझा नवरा तशाच एका कंपनीच्या हिशेबखात्यात. मी पुण्याची बँकेतली नोकरी सोडून, मुलीला घेऊन आले होते आणि इथे माझ्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर, 'अवलंबून' असा शिक्का होता. तो शिक्का मला रोज सकाळी आठवायचा.

मंगळवारी सकाळी कंपाउंडच्या हॉलमध्ये शेजारणीचं शिवणमंडळ जमायचं. मी शिवायला जायचे असं म्हणणं धाडसाचं होईल. मला बटण लावता येतं, तेही लवकर तुटेल असं. मी जायचे ते कॉफीसाठी आणि चार माणसांची तोंडं दिसावीत म्हणून. तिथे बसून मला कळलं की त्यांच्याकडे पांघरुणावर झेंडा येणं हे अपमानाचं नसून उलट मानाचं आहे. जुन्या लढायांच्या वेळी बायकांनी लाल, पांढऱ्या, निळ्या चिंध्या जोडून पांघरुणं शिवली, सैनिकांना पाठवली, आणि ती रीत अजून चालू आहे. ताऱ्यांचे किती प्रकार, प्रत्येकाला वेगळं नाव. गरुड, ढाल, पट्ट्या, सगळ्याला अर्थ. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे शुद्धता. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, आमच्याकडचंही थोड्या फरकाने हेच आहे. शौर्य आणि शांती यांपलीकडे झेंड्यांना फारसं काही सुचत नाही.

त्या हिवाळ्यात ती जे पांघरूण शिवत होती ते तिच्या मुलासाठी होतं. एकुलता एक मुलगा लष्करात. कुठे आहे ते त्याला सांगता येत नसे, आणि तिला विचारता येत नसे. पांघरुणाच्या कडेने लाल-पांढऱ्या पट्ट्या, आणि मधोमध पांढऱ्यावर एकच मोठा निळा तारा. त्या एका ताऱ्याचा अर्थ तिने मला मुद्दाम सांगितला. त्यांच्याकडे ज्या घरातलं मूल युद्धाच्या काळात लष्करात असतं, त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचं कापड टांगतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं म्हणून. इथे कंपाउंडच्या सुरक्षेवाल्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाहेरून दिसेल असं कुठल्याच देशाचं काही खिडकीत लावायचं नाही.

"खिडकी नाही तर नाही," ती म्हणाली. "तारा मी त्याच्या अंगावरच घालीन."

तिच्याबरोबर एकदा दम्मामच्या बाजारात लाल कापड आणायला गेले होते. नमाजाची वेळ झाली म्हणून दुकानदाराने शटर अर्धं खाली घेतलं आणि आम्हाला आतच बसायला स्टूल दिलं. शेल्फवर राष्ट्रीय दिवसाचं उरलेलं हिरवं कापड होतं. शेजारणीने सहज त्याला हात लावला, तर नमाजाहून परतलेला म्हातारा दुकानदार लगबगीने म्हणाला, साधं हिरवं हवं तेवढं कापून देतो, पण झेंड्याचं, ज्यावर कलम्याची अक्षरं असतील, ते मागू नका, त्याला कात्री लावायची नसते. त्याचं म्हणणं मला लगेच पटलं. शेजारीण मात्र परतताना गाडीत विचार करत बसली होती. "मग तुम्ही लोक जवळ काय घेता?" तिने विचारलं. मी रस्त्यावरच्या ट्रकांना नावं ठेवायला लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई साताऱ्याकडच्या. आमच्या त्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे माझ्या धाकट्या दिराने भरती व्हायचं ठरवलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नव्हतं. हिमालयातल्या एका उंच चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो त्याखाली गेला. लग्नाचं बघायला नुकती सुरुवात झाली होती. सासरे आधीच गेलेले. त्यामुळे गावातल्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या. माझा नवरा पुष्कळ वर्षं या म्हणत होता आणि त्या पुष्कळ वर्षं नाही म्हणत होत्या. शेवटी खोकल्याने बेजार झाल्या तेव्हा तो जाऊन व्हिजिट व्हिसावर त्यांना घेऊनच आला.

खोकल्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. दीर गेल्यापासून सासूबाई पांघरूण घेत नसत. साताऱ्याच्या थंडीत चटईवर नुसत्या लुगड्यानिशी झोपायच्या. एरवी गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींच्या वाकळा शिवणारी ही बाई. वाकळ म्हणजे आपली गोधडी, त्यांच्याकडचा शब्द. त्यांनी सुईच बाजूला ठेवली ती ठेवली. मुलगा गारठून गेला, मग आईने ऊब कशी घ्यायची, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. यावर घरात कुणी बोलत नसे. दुःखाचं असं काही मोठं होऊन बसलं की त्याच्या कडेकडेने वावरायची सवय होते.

दम्मामला थंडी पडते यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की हाडं वाजतात. सासूबाईंना आम्ही आतली खोली दिली, हीटर लावला. त्यांनी तो बंद केला. मी रजई ठेवली, ती सकाळी घडी न मोडता तशीच.

"आई, निदान शाल तरी घे," नवरा म्हणायचा.

"मला नगं."

क्लिनिकमधला केरळी डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. मग मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, यांना उबेत ठेवा, ही छाती आणखी एक हिवाळा काढेल असं वाटत नाही. मी घरी येऊन सासूबाईंवर चिडले. तुम्हाला त्याच्यासारखंच जायचं आहे का, असं नको ते बोलून गेले. त्या शांतपणे मेथी निवडत होत्या.

"मला कुटं जायाचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर घ्येववत न्हाई गं, त्येला म्या काय करू?"

दिवसभर त्यांनी भिंतीकडे बघत बसू नये म्हणून मी त्यांना शेजारणीकडे नेलं. आत शिरल्यावर त्यांचं पहिलं लक्ष सोफ्याकडे गेलं. नेहमीप्रमाणे मांजर ताऱ्यांवर पसरलं होतं.

"ह्यो कुनाचा झेंडा?"

"त्यांचाच आई. त्यांच्यात चालतं."

"चालत असंल. मला बगवत न्हाई."

त्यांनी मांजराला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, पांघरुणाची चारपदरी घडी घातली, कपाळाला लावली आणि पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या घरात जाऊन कुणी असं करतं का? शेजारीण त्यांच्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

"नाही. त्यांना सवय नाही. त्यांचा धाकटा मुलगा लष्करात होता."

तिने 'होता' बरोबर ऐकलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा केला, आणि चहा आणताना मुलासाठी चाललेलं पांघरूणही काखेत घेऊन आली. सासूबाईंच्या पुढ्यात ते उलगडून तिने निळ्या ताऱ्यावर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या फोटोवर. "सन," ती म्हणाली. "आर्मी."

सासूबाईंना एवढं इंग्रजी पुरलं. त्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कान बाहेर आलेला, हसरा, सव्वीस-सत्तावीसचा मुलगा.

"कुटं असतंय ते?"

"माहीत नाही. सांगत नाहीत."

"थंडीत हाय का?"

"तेही माहीत नाही, आई."

"मग टाकं दाट घालाय पायजेत," त्या म्हणाल्या. "ह्ये इरळ हायती." आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी सुई मागितली.

त्या दिवसापासून त्या रोज जायला लागल्या. शेजारीण लाकडी चौकटीत कापड ताणून, पेन्सिलीने रेघा आखून, बोटात टोपण घालून टाके घालायची. सासूबाई जमिनीवर बसायच्या आणि कुठलीही रेघ न आखता कडेपासून सुरू करून फिरत फिरत आत यायच्या, धावदोरा एकसारखा. शेजारणीने आधी जीव मुठीत धरून बघितलं, मग चौकट कपाटात ठेवून दिली. सासूबाईंची एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. वाकळ शिवणारी बाई वाकळेवरच बसते, त्याशिवाय मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही. पण या पट्ट्या-ताऱ्यांवर त्या बसेनात. बाहेरून ओणव्या होऊन टाके घालायच्या, आणि घरी आल्यावर मी त्यांच्या कमरेला मलम चोळायचे.

"अहो, तो आपला झेंडा नाही," मी म्हणायचे.

"कुनाच्या तरी पोराचा हाय न्हवं?"

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि माझी गरजही दिवसेंदिवस कमी लागत होती. शेजारीण 'वाकल' म्हणायला शिकली. सासूबाई तिला 'म्याडम' म्हणत. मला कधीकधी राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझ्याशी सासूबाई दिवसात दहा वाक्यं बोलत नसत आणि तिथे दोघी तासन् तास गप्प बसूनही मजेत. पण त्या पुन्हा सुई धरताहेत हे बघून नवरा एकदा बाथरूममध्ये जाऊन रडला, म्हणून मी माझा राग गिळला. मला एकच आशा होती. दुसऱ्याच्या मुलासाठी ऊब शिवता शिवता त्या स्वतःही एखादं पांघरूण ओढून घेतील. ते काही होत नव्हतं. खोकला वाढत होता.

पांघरूण पुरं होत आलं तेव्हा शेजारीण नवऱ्याबरोबर कामासाठी जुबैलला गेली. कडेची पट्टी हाताने दुमडून घालायची राहिली होती, ती तिने सासूबाईंवर सोपवली आणि पांघरूण आमच्या घरी आणून दिलं. पट्टी झाली. सासूबाईंनी मला हाक मारली.

"नवं वस्त्र हाय. हळदीचं बोट लाव. तू लाव, तुजा नवरा हाय. माजा हात नगं."

आपल्याकडे नवीन कपडा अंगाला लागण्याआधी त्याच्या टोकाला हळदीकुंकू लावतात, आणि विधवेने ते लावायचं नाही असं त्यांच्या मनात पक्कं. पण मी घाबरले. शुभ्र पांढरं कापड, बाईने महिनोन्‌महिने खपून केलेलं.

"नको आई. हळदीचा डाग जात नाही. त्यांना काय सांगू?"

"उनात घातली का जातोय."

"नको म्हटलं ना."

त्यांनी वाद घातला नाही. मी मुलीच्या शाळेत पालकांच्या बैठकीला गेले. परत आले तेव्हा पांघरूण घडी घालून, जुन्या चादरीत बांधून दाराशी तयार होतं. मी ते उघडून बघितलं नाही. बघायचं कारणच नव्हतं.

शेजारीण परतल्यावर आम्ही दोघी ते पोचवायला गेलो. सासूबाईंनी डोक्यावरून पदर नीट घेतला होता. मला वाटतं, कौतुकाला सामोरं जायची ती तयारी होती. शेजारणीने जेवणाच्या टेबलावर पांघरूण उलगडलं. पहिला पदर, दुसरा पदर. मग मधला तारा वर आला आणि तिने हात मागे घेतला.

निळ्या ताऱ्यावर एक पिवळा तारा शिवलेला होता. चिंध्यांच्या डब्यातल्या हळदी रंगाच्या कापडाचा, निळ्याहून थोडा लहान, त्यामुळे सगळीकडून निळी कड दिसत राहिलेली. टाके इतके बारीक की दिसतही नव्हते. फार सुंदर दिसत होता. मी तसं म्हणणारही होते.

शेजारीण खुर्चीवर बसली.

"तुम्हाला काय कळलंय?" तिने मला विचारलं. "कुणाचा फोन आला होता? मी इथे नव्हते म्हणून तुमच्याकडे आला का?"

मला काही समजेना. ती उठली, फोन घेतला, तिच्या हातून तो पडला, पुन्हा उचलला. मुलाला लावला. घंटा वाजत राहिली. तिने नवऱ्याला लावला आणि त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडून जे शब्द निघाले त्यातून मला उलगडा झाला. खिडकीतला तारा निळा असतो तोवर मूल आहे. मूल गेलं की त्या निळ्यावर सोनेरी तारा शिवतात, जरासा लहान, निळी कड दिसेल असा. तिला वाटलं, तिचा मुलगा गेला आहे आणि सांगायला तोंड धजेना म्हणून आम्ही ते तिला असं शिवून आणलं आहे.

मी तिचे दोन्ही हात धरले. हळद, मी म्हणाले, ही हळद आहे. आशीर्वाद आहे. त्यांना माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं, कुणाचा फोन नाही, काही नाही. तिला ते पटायला वेळ लागला. पटलं तरी ती फोन खाली ठेवेना. तिने मुलाला निरोप लिहिला आणि फोनच्या काचेकडे बघत बसली.

सासूबाई आमच्या दोघींकडे बघत उभ्या होत्या. "काय झालं गं? चुकलं काय माजं?"

मी त्यांना सांगितलं. हळू सांगायला हवं होतं, पण मी तेव्हा इतकी हादरले होते की एका दमात सांगून टाकलं. त्या टेबलापाशी जमिनीवर बसल्या, पांघरूण ओढून मांडीवर घेतलं आणि सुईच्या टोकाने पिवळ्या ताऱ्याचे टाके उसवायला लागल्या. एवढे बारीक टाके त्यांनीच घातलेले, आता ते सुटता सुटेनात. खोकल्याची उबळ येत होती, तरी थांबेनात. "माज्याच हातानं," एवढंच पुटपुटत होत्या. झेंड्यावर बसायचं नाही, तो मांडीवर घ्यायचा नाही, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

शेजारीण थोड्या वेळाने त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसली आणि दुसऱ्या बाजूने उसवू लागली. मी कॉफी केली, ती कुणी प्यायली नाही. पिवळा तारा सुटला तेव्हा निळ्यावर सुईच्या बारीक भोकांची रेघ राहिली. शेजारणीने तो तारा बोटांनी सपाट केला, सासूबाईंच्या तळहातावर ठेवला आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडच्या रीतीने हा त्यांचा आहे." मी सांगितलं. सासूबाईंनी तो बघितला आणि कमरेला खोचला.

दुपार उलटल्यावर फोन वाजला. मुलाने लिहिलं होतं, झोपलो होतो, काय झालं एवढं? शेजारीण आधी हसली आणि मग तोंडावर हात दाबून जी रडली ती आवरेचना. सासूबाईंनी फोटोकडे बघून हात जोडले. त्यांना पुन्हा उबळ आली. खोकून खोकून त्या वाकल्या, डोळ्यांत पाणी आलं, लुगड्यातून खांदे थडथड उडताना दिसत होते. शेजारीण उठली. त्यांच्याकडे ही पांघरुणं हातात देत नाहीत, शिवणारीने स्वतः खांद्यांवर घालायची असतात. तिने मुलाचं पांघरूण उचललं, निळा तारा बरोबर पाठीवर येईल असं धरलं आणि सासूबाईंच्या खांद्यांवर घातलं.

क्षणभर मला वाटलं, झालं, घेतलं एकदाचं. त्या तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी ते एका खांद्यावरून, दुसऱ्या खांद्यावरून काढलं, घडी घातली आणि तिच्यापुढे ठेवलं.

शेजारणीचा चेहरा पडला. "अजून रागावल्या आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "त्या पांघरूण घेतच नाहीत. त्यांचा मुलगा बर्फात गेला. तो थंडीत गेला म्हणून त्या ऊब घेत नाहीत."

"काय सांगितलंस तिला?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं, जसं आम्ही इतकी वर्षं समजत आलो होतो तसं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तसं न्हाई."

आणि मग त्या बोलल्या. माझ्याकडे न बघता, शेजारणीकडे बघून बोलल्या, आणि मी मधे बसून इंग्रजी करत राहिले.

"पोरगं घरी आलं तवा त्येच्या अंगावर झेंडा व्हता. एवढ्या बर्फातनं आल्यालं, आन अंगावर तेवढंच. मला बरं वाटलं. म्हनलं, चला, कायतरी हाय. मग जाळायच्या आदी सायेब आलं. त्यांनी त्येच्या अंगावरनं त्यो काडला, घडी घातली आन माज्यापुढं धरला. गारठून मेल्यालं पोर. त्येचं पांघरूण काडून मला देत्यात. आन म्या हात फुडं केलं गं. म्या घ्येतलं."

मी तिथे होते. त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. नवरा आणि मी एक्झिट-रीएन्ट्रीचे, सौदीबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचे, कागद कसेबसे मिळवून पोचलो होतो. पांढरे हातमोजे, ती नीट घातलेली घडी, आणि सासूबाईंनी ओटीत घ्यावं तसे पुढे केलेले हात, सगळं मी पाहिलं होतं. सगळा गाव म्हणाला होता, आई धीराची आहे. मीही म्हणाले होते. नियमाप्रमाणे ती घडी अजून गावाच्या घरी पेटीत आहे. ती पांघरता येत नाही, आणि त्या दुसरं काही पांघरत नाहीत. मी मधेच पाणी प्यायले आणि उरलेलं सांगितलं.

पांघरुणाची घडी शेजारणीने छातीशी धरून ठेवली होती.

सासूबाई जमिनीला हात टेकून उठल्या, पदर सावरला. दाराशी जाऊन थांबल्या.

"तिला सांग," त्या मला म्हणाल्या. "ही वाकळ तू तुज्या हातानं त्येला घाल. आन कवा कुनी त्येच्या अंगावरनं काडून तुला द्याया आलं, तर घेऊ नगंस."

असं काही जिवंत मुलाच्या आईला सांगायचं का, हे मला कळेना. पण दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी जसंच्या तसं सांगितलं.

"नाही घेणार," शेजारीण म्हणाली.